पाझर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



आमच्या औंधच्या भागात शाळू कसा पिकतो, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगून खरं वाटत नाही. पावसाळा संपत आला की पेरणी होते. परतीचा पाऊस दोन-तीन वेळा पडला तर पडला, नाहीतर तोही नाही. मग ऑक्टोबर कोरडा, नोव्हेंबर कोरडा, पौषात नुसतं बोचरं वारं. वरून थेंब नाही आणि शाळू मात्र वाढत असतो. गुडघ्याला लागतो, कमरेला लागतो, पोटरीत येतो, निसवतो. संक्रांतीच्या सुमाराला कणसात दुधाळ दाणा धरतो आणि हुरड्याची आमंत्रणं सुरू होतात. पुण्याचे पाहुणे विचारतात, पाणी कुठून देता? आम्ही काळ्या रानाकडे बोट दाखवतो. भाद्रपदात जे पडलं ते या मातीने पोटात धरून ठेवलंय, त्यावर तो जगतोय. शेतकऱ्याने एवढंच केलंय की वरच्या भेगा बुजाव्यात, ओल उडून जाऊ नये म्हणून वेळेवर कोळपणी केलीय. आमच्याकडे कोळपणीला अर्धं पाणी म्हणतात, ते उगीच नाही.

आज मला बोलायला विषय दिलाय तो अवघड दिवसांत ईश्वरावर भरवसा ठेवण्याचा. विषय ऐकला आणि जरा भीतीच वाटली. भरवशावर बोलणं फार सोपं असतं, विशेषतः ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला. मी मौलवी नाही, कीर्तनकार नाही. मराठीत कविता लिहिणारा एक साधा माणूस आहे. (तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे लिहिता, असं अजूनही कोणीतरी विचारतं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना चारशे वर्षांपूर्वी हे कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.) तेव्हा उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. आमच्या मुलुखात जे घडलं, जे पाहिलं आणि ऐकलं, त्यातलंच थोडं सांगतो.

आमच्या घरात या भरवशाला तवक्कुल म्हणतात. हा शब्द फार चुकीच्या पद्धतीने वापरला जातो. हातपाय न हलवता बसायचं आणि वर तवक्कुलचं नाव सांगायचं. मराठीत त्यावर चांगली टोमणेवजा म्हण आहे, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. पैगंबर साहेबांची एक आठवण सांगितली जाते. एकाने त्यांना विचारलं की उंटाला बांधून भरवसा ठेवू, की मोकळा सोडून भरवसा ठेवू? त्यांनी त्याला आधी उंट बांधायला सांगितलं. एवढीच गोष्ट आहे, पण तिच्यात सगळं आलं. ज्याने उंट बांधलाय त्यालाच पुढच्या भरवशाची खरी गरज लागते. कारण आपल्या हातचं सगळं करून झाल्यावरही दावं तुटू शकतं, हे त्याला माहीत असतं.

आमचा मुलूख पर्जन्यछायेतला. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर आहे, तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तोच ढग पूर्वेला येईपर्यंत रिकामा होतो. खटाव, माण आणि पलीकडे सांगली जिल्ह्यातली आटपाडी या पट्ट्यात पाचशेच्या आसपास पडला तर वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. एकाच जिल्ह्यात देवाने असा दुजाभाव का केला, हा प्रश्न आमच्याकडे लहान पोरालाही पडतो.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी आठ महिन्यांचा होतो. म्हणजे मला काहीच आठवत नाही. जे सांगतोय ते अम्मीकडून ऐकलेलं. अब्बांचा धंदा बांगड्यांचा. खांद्यावर माळा घेऊन गावोगाव फिरायचे, पौषात आमच्या यमाईची यात्रा भरली की तिथे पाल टाकायचे. आता दुष्काळात बांगडी कोण भरणार? घरात दाणा नाही तिथे हातात काच कुठला? दोन महिने अब्बा रिकामे फिरले आणि मग अम्मी खटाव तालुक्यातल्या एका गावच्या शिवारात दुष्काळी कामावर गेली. तिथे पाझर तलावाचा बांध घालण्याचं काम चाललं होतं. मी झोळीत, आणि माझ्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण तिच्या पदराला धरून. कामावर सुकडी मिळायची. घरी मिलो यायचा, तांबडी परदेशी ज्वारी. त्याची भाकरी थापली की मोडते, असं अम्मी शेवटपर्यंत तक्रारीच्या सुरात सांगायची. जणू दुष्काळाचा मोठा गुन्हा तोच होता.

त्या वेळी ती एकटी नव्हती. १९७३ च्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. खडी फोडत होती, रस्ते करत होती, नालाबांध आणि पाझर तलाव खोदत होती. जमिनी असलेल्या घरांतल्या लेकीसुनाही डोक्यावर पाट्या घेऊन उभ्या होत्या.

पाझर तलाव ही चीज मोठी गमतीची आहे. धरणात पाणी साठावं म्हणून बांध घालतात. पाझर तलावातलं पाणी मात्र निघून जावं म्हणूनच त्याचा बांध घालतात. आमच्या दख्खनच्या खडकाचे थर असतात. घट्ट कातळ पाण्याला दाद देत नाही, पण त्याच्या वरचा मुरूम, जुन्या भेगा, झिजलेला सच्छिद्र खडक, यांतून पाणी वाट काढत खाली उतरतं आणि बांधाच्या खालच्या अंगाच्या विहिरींत निघतं. तेव्हा ज्या तलावात पाणी टिकत नाही तो चांगला पाझर तलाव! माघ-फाल्गुनात तलाव कोरडा ठणठणीत दिसतो, येणारा-जाणारा म्हणतो, सरकारचा पैसा पाण्यात गेला. आणि अर्धा मैल खाली कोणाच्या तरी विहिरीवर मोट किंवा इंजिन चालू असतं. तिथल्या माणसालाही आपलं पाणी कुठून आलं याचा पत्ता नसतो.

ज्यांनी तो बांध घातला त्यांना तर नाहीच. अम्मी ज्या बांधावर माती टाकत होती त्यात त्या वर्षी ओंजळभर पाणी आलं नाही. पाऊसच नव्हता. कोरड्या आभाळाखाली, न आलेल्या पाण्यासाठी, मजुरीच्या ओढीने ५० लाख माणसं बांध घालत होती. याला कोणी भरवसा म्हटलं नाही. हजेरीपटावर त्याला काम म्हटलं होतं.

याच गोष्टीची दुसरी बाजू सांगतो. अशी कामं मागेल त्याला मिळावीत, हा मजुराचा हक्क असावा, हा विचार आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातला. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्याचा छोटा प्रयोग केला. तेव्हा एका गावचा प्रयोग म्हणून किती जणांनी त्याकडे पाहिलं असेल? सात वर्षांनी राज्यावर आभाळ कोसळलं तेव्हा ती कल्पना तयार होती. १९७७ ला तिचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला आणि २००५ मध्ये साऱ्या देशाने तसा कायदा केला. विसापूरच्या पहिल्या बांधावर कुदळ मारणाऱ्याला यातलं काय ठाऊक असणार?

पण इथे थांबलो तर मी अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल.

त्या उन्हाळ्यात माझी बहीण गेली. जुलाब झाले, दोन दिवसांत संपलं. कामाच्या जागेजवळच्याच एका गावात तिची माती झाली. तलाव पुढे भरले, विहिरींना पाणी आलं, योजना झाली, कायदा झाला, हे सगळं खरं. पण त्यातल्या कशानेही माझ्या अम्मीची मुलगी परत आली नाही. ईश्वराचं न दिसणारं काम चालू असतं असं आपण म्हणतो, तेव्हा हे मधे उभं राहतं. ते ओलांडून पुढे जाता येत नाही, आणि जाऊही नये असं मला वाटतं.

अम्मी पाच वेळची नमाजी. तिचा भरवसा आमच्या सगळ्यांपेक्षा पक्का. पण एक गोष्ट तिने कधीच सहन केली नाही. मातीला आलेली कोणी बाई तिला म्हणाली होती, जाऊ दे गं, जे होतं ते बऱ्यासाठीच होतं. अम्मी त्या बाईशी नंतर कधी बोलली नाही. चाळीस वर्षं! ईदचा शिरखुर्मा साऱ्या आळीत वाटला जायचा, तो त्यांच्या घरीही जायचा, पण घेऊन आम्हा पोरांपैकी कोणी जायचं. मी मोठा झाल्यावर एकदा विचारलं, एवढा राग का? ती बाई वाईट नव्हती. अम्मी म्हणाली, "अल्ला क्या करता वो अल्ला जाने. इस बाई कू कौन बोला?" अल्लाचं काम अल्लाला माहीत, या बाईला ते कोणी सांगितलं?

मला वाटतं, आमच्या सगळ्या धार्मिक माणसांनी, मौलवींनी, महाराजांनी आणि माझ्यासारख्या कवींनीही, हे वाक्य लिहून ठेवावं. भरवसा ज्याचा त्याने आपल्यासाठी ठेवायचा असतो. दुसऱ्याच्या दुःखावर तो औषधासारखा चोळायचा नसतो. कोणाचं पोर गेलं, कोणाची बाग जळाली, कोणावर कर्जाची जप्ती आली, तर आपण जावं, शेजारी बसावं, चुलीवर चहा ठेवावा, कागदपत्रं लागत असतील तर तालुक्याला बरोबर जावं. देवाच्या योजनेचा खुलासा आपल्याला कोणी विचारलेला नसतो.

कुराणात यूसुफ पैगंबरांची गोष्ट आहे. तीच बायबलमध्ये योसेफ या नावाने आहे. भावांनी विहिरीत टाकलेला मुलगा, विकला गेलेला, खोट्या आरोपावरून तुरुंगात गेलेला, आणि शेवटी मिसर देशाच्या धान्यकोठारांचा कारभारी झालेला. सात सुकाळाच्या वर्षांत धान्य साठवून सात दुष्काळाच्या वर्षांत तो माणसं जगवतो. दुष्काळी मुलखात वाढलेल्या माझ्यासारख्याला ती गोष्ट आपल्याच तालुक्यातली वाटते. पण लोक ती सांगताना शेवटाकडे फार घाईने पळतात. मधली दोन माणसं मला जास्त जवळची वाटतात. एक खुद्द तुरुंगातला यूसुफ. सुटून जाणाऱ्या सोबत्याला तो सांगतो की राजाजवळ माझी गोष्ट काढ. सोबती बाहेर जातो आणि विसरून जातो. त्या विसरण्यात यूसुफची आणखी काही वर्षं आत जातात. त्या वर्षांत त्याला कुठे ठाऊक होतं की आपली गोष्ट चांगली संपणार आहे?

दुसरा माणूस म्हणजे त्याचा बाप याकूब. याकूब स्वतः पैगंबर. ईश्वराच्या कृपेची आशा सोडू नका असं तो पोरांना बजावतो. आणि तोच याकूब रडून रडून डोळे गमावतो. दोन्ही एकाच माणसात. भरवसा असलेल्याने रडू नये असा नियम ज्यांनी केला त्यांनी ही गोष्ट नीट वाचलेली नाही.

तुरुंगावरून आठवलं. आमच्या औंध संस्थानाची एक हकिकत तुम्हाला सांगायलाच हवी. संस्थान लहानसं, बहात्तर गावांचं, तेही एका सलग तुकड्यात नाही. एक तुकडा इथे औंधला, एक आटपाडीला, एक कुंडलला. अशा विखुरलेल्या, बऱ्याचशा कोरड्या मुलखाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते १९०९ मध्ये गादीवर आले. सूर्यनमस्कारांसाठी आणि चित्रांसाठी ते प्रसिद्ध आहेत. यमाईच्या डोंगरावर त्यांनी उभं केलेलं श्रीभवानी संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पण मला त्यांची दुसरीच एक सवय मोलाची वाटते. टाकून दिलेली जमीन आणि टाकून दिलेली माणसं यांवर ते पैज लावायचे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं घ्या. बेळगावात त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तर लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी घेईनात. पहिला नांगर विकायलाच दोनेक वर्षं गेली. कसंबसं बस्तान बसत आलं तोच १९१० मध्ये बेळगावात कारखान्याची जागा खाली करण्याची वेळ आली. यंत्रं आहेत, माणसं आहेत, आणि ठेवायला जागा नाही. तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ आणि बिनव्याजी १० हजार रुपये दिले. माळ कसला? निवडुंग आणि साप. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज आपण म्हणतो, बेळगाव सुटलं ते बरंच झालं. म्हणायला आपलं काय जातं? निवडुंग तोडायला जे पहिल्या दिवशी उभे राहिले त्यांच्यासमोर नुसता निवडुंग होता.

त्याहून मोठी पैज १९३९ ची. त्या वर्षी जानेवारीत बाळासाहेबांनी गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली, गावोगाव पंचायती निवडल्या गेल्या. आणि त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत सुरू झाली. मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन त्या वेळी औंधात आले होते. त्यांना भारतानंद या नावानेही ओळखलं जायचं. त्यांची कल्पना अशी की खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्यांना मोकळ्या रानात ठेवायचं. भिंत नाही, बेड्या नाहीत. बायकापोरांना बरोबर राहू द्यायचं आणि जमीन कसायला द्यायची. अप्पासाहेब पंत आणि बाळासाहेब यांनी ती उचलून धरली. जमीन कुठली, तर आटपाडीची. जिथे धड दाणा पिकण्याची मारामार, तिथे माणूस पुन्हा पिकतो का ते पाहायचं!

कल्पना करा, ज्याच्या हातून रक्त सांडलंय त्याच्या हातात रोज सकाळी कुऱ्हाड-खुरपं द्यायचं आणि संध्याकाळी तो परत येईल यावर झोपी जायचं. इथे भरवसा ठेवणारा राजा दिसतो, इंजिनिअर दिसतो. पण खरा भरवसा मला त्या कैद्याचा वाटतो. त्याला तर स्वतःवर भरवसा ठेवायचा होता, आणि ते सगळ्यांत अवघड.

याच संस्थानातल्या माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी पुढे ती गोष्ट लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी तिच्यावर 'दो आँखें बारह हाथ' काढला. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला. त्यातली प्रार्थना आजही शाळाशाळांतून म्हटली जाते. आटपाडीच्या माळावरच्या सहा-आठ कैद्यांमुळे देशभरची पोरं हात जोडून उभी राहतात, हे त्या कैद्यांना कधी कळलं असेल का कोण जाणे. खुद्द माडगूळकरांचं पाहा. गरिबीतलं घर, औंधच्या शाळेत शिकले आणि मॅट्रिकला गणितात नापास झाले. त्या निकालाच्या दिवशी त्यांच्या घरी काय वातावरण असेल? १९५५ मध्ये याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्यांचं गीतरामायण सुरू झालं तेव्हा घरोघर रेडिओला हार घालून लोक बसायचे, हे तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

संस्थान मात्र राहिलं नाही. ८ मार्च १९४८ ला ते विलीन झालं, पंचायतींचा तो प्रयोग नऊ वर्षांत आटोपला. स्वतंत्रपूर राहिलं. खुल्या तुरुंगाची ती जागा आज कारागृह विभागाकडे आहे.

आता कोणी म्हणेल, तुम्ही शेवट गोड झालेल्याच गोष्टी निवडून सांगता. म्हणून माडगूळकरांच्याच घरातली दुसरी गोष्ट. धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' १९५५ ची. माणदेशातली धनगरांची वाडी, काळ औंध संस्थानचा. पोरसवदा मास्तर तिथे येतो, शाळा भरते, सगळ्यांनी मिळून तालीम बांधली जाते, राजाही येऊन जातो. आणि मग पाऊस पडत नाही. मेंढरं मरतात, माणसं एकेक करून जगायला बाहेर पडतात, वाडी रिकामी होते. लेखक शेवटी पाऊस पाडत नाही. त्याला ते अशक्य नव्हतं, कादंबरी त्याचीच होती. पण माणदेशाच्या माणसाने माणदेशाशी प्रामाणिक राहायचं ठरवलं होतं. मी धार्मिक माणूस असून मला ते पुस्तक धर्मग्रंथांच्या शेजारी ठेवावंसं वाटतं. काही वाड्या पुन्हा वसत नाहीत. आणि भरवसा ठेवायचा तर हे धरून ठेवायचा.

मग ते न दिसणारं काम कुठे असतं? मला माहीत असलेलं सगळ्यांत चांगलं उत्तर मंगळवेढ्याचं आहे. दामाजीपंतांची कथा आपल्याला पाठ असते. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्यकोठारं लोकांसाठी खुली केली. बिदरहून पकडून आणण्याचा हुकूम सुटला. पंत बंदोबस्तात वाटेवर होते तेव्हा विठोबा विठू महाराचं रूप घेऊन बिदरच्या दरबारात गेला आणि सगळ्या धान्याची किंमत मोजून पावती घेऊन आला. या कथेत एक खोच आहे, तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. ज्याच्यासाठी हे झालं त्या दामाजीला देव दिसलाच नाही! तो खाली मान घालून शिक्षेकडे चालला होता. देव दिसला तो बादशहाला, म्हणजे एका मुसलमानाला, आणि तोही वसुलीच्या वेळी. दामाजीने केलं एवढंच की कोठाराचं दार उघडलं आणि परिणाम भोगायला निघाला. कथा म्हणून घ्या, खरी म्हणून घ्या, माझा आग्रह नाही.

आमच्याकडे बीबी हाजरांची कथा आहे. वाळवंटात तहानेलं तान्हं पोर, आणि आई पाण्यासाठी सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावते. हजला गेलेला प्रत्येक माणूस आजही ती धाव घेतो. पाणी निघालं, पण सफावर नाही आणि मरवावरही नाही. ते निघालं पोराजवळ, जिथे तिने शोधलंच नव्हतं. मग सात वेळा धावली ते वाया गेलं का? माझ्या एका मित्राने हा प्रश्न मला एकदा मुद्दाम खिजवायला विचारला होता. तो पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत श्रमदान करून आला होता, हाताला फोड आले होते. मी म्हटलं, याचं उत्तर तुझे हात देतील. २०१६ च्या पहिल्याच वर्षी ती स्पर्धा आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने जिंकली, २०१८ मध्ये माणमधल्या टाकेवाडीने. तिथेही माणसांनी चर खोदले ते उन्हाळ्यात, कोरड्या जमिनीत, पाऊस येईल की नाही हे माहीत नसताना.

पाऊस लांबला की आमच्या गावाकडे दोन गोष्टी होतात. लिंबाचा पाला अंगाला बांधून पोरं धोंडी मागत दारोदार फिरतात, बाया त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओततात, पाणी नसतानाही ओततात. आणि मुसलमान माणसं जुने कपडे घालून, अंगावरची चादर उलटी करून, उघड्या माळावर पावसाची नमाज पढतात. कधी दोन्ही एकाच आठवड्यात होतं. मग पाऊस आला तर कोणाच्या दुव्याने आला यावर चावडीत चेष्टामस्करी चालते. न आला तर कोणी काही बोलत नाही. टँकरची चौकशी करायला सरपंचाबरोबर दोन्हीकडची माणसं पंचायत समितीत जातात.

पाझर तलावाबद्दल एक सांगायचं राहिलं. काही वर्षांनी त्याच्या तळाशी गाळ साचतो. मऊ, चोपडा थर बसतो आणि पाझर बंद होतो. मग पाणी वर छान साठलेलं दिसतं, पोरं पोहतात, फोटो काढतात, आणि खालच्या विहिरी आटत जातात. म्हणून अधूनमधून गाळ काढावा लागतो. तो शेतात टाकला की रानही सुधारतं. मनाचंही असंच होतं का, असा विचार कवी असल्यामुळे माझ्या डोक्यात येतो. पण त्यावर मी अजून कविता लिहिलेली नाही, आणि भाषणातही ताणत नाही.

काही वर्षांपूर्वी अम्मी थकली होती तेव्हाची गोष्ट. त्या तलावाचा गाळ गावकऱ्यांनी काढला, पुढच्या पावसात तलाव भरला, हे मला तिकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. मी अम्मीला म्हटलं, गाडी करतो, चल, तू घातलेला बांध पाहून येऊ. तिथे जवळच बहिणीची कबर होती, पण ते मी बोललो नाही. ती बराच वेळ गप्प बसली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला समजत होतं, निदान तसं वाटत होतं. मग तिने विचारलं, "नीचे के बावड्यां कू पानी हय क्या?"

म्हटलं, आहे. खालच्या सगळ्या विहिरींना आहे.

"हय ना? फिर मैं देख के क्या करूं?" ती म्हणाली. आणि मग, "कबर पे जाना हय. वो तलाव तू देख."

आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो.